सुमनमावशींची चावी

दादा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ते एका शिक्षकाला कुलूप निवडून देत होते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

मी नांदेडहून सकाळच्या एसटीनं आले होते, पाण्याचे दहा-दहा लिटरचे दोन कॅन घेऊन. कंडक्टरनं कॅनांकडे पाहिलं आणि ‘लातूर का?’ एवढंच विचारलं. २०१६चा मे महिना होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि टँकर गल्लीत कधी दहाव्या दिवशी, कधी बाराव्या दिवशी यायचा. पाण्यावाचून लोक भाड्याची घरं सोडून गावाकडे, पुण्याकडे, जिकडे कुणी घेईल तिकडे चालले होते. माणसं जात होती, पण कपाटं, कूलर, शिलाई मशीन सोबत नेता येत नव्हतं. चन्नबसप्पा आप्पांची तेलगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आप्पांनी तिच्या शेडमध्ये विटांच्या भिंती घालून चौदा खोल्या पाडल्या आणि सामान ठेवायला महिन्यानं द्यायला लागले. त्या खोल्यांची देखरेख दादांकडे होती. निवृत्त गोदामपाल, लिंबाजी सोनकांबळे. गिरणीच्या आवारातल्याच दोन खोल्यांत ते राहायचे.

खोली आप्पांची, कुलूप ज्याचं त्यानं आणायचं, असा नियम होता. पण लोक कुलूप आणायचे आणि आधी दादांना दाखवायचे.

शिरूर अनंतपाळचे श्रीमंत गुरुजी त्या दिवशी हातात चकचकीत, मुठीएवढं मोठं कुलूप घेऊन उभे होते. दादांनी ते तळहातावर तोललं.

“गुरुजी, हे कुणी निवडलं?”

“दुकानदारानं. म्हणला, सगळ्यात मोठं हेच हाय.”

“मोठं हाय की. पण ह्याची कडी बघा.” दादांनी कुलूप दाराच्या कोयंड्यात अडकवलं आणि उरलेल्या फटीत आपली करंगळी घातली. “करंगळी गेली. करंगळी जाती तिथं पहार जाती. पहार घालून पिळलं की कुलूप राहतं शाबूत आणि कोयंडा येतो हातात.”

“मग कसलं घेऊ?”

“बसकं. आखूड, जाड मानेचं. नवरदेवावानी नटलेलं नको, हमालावानी पायजे.”

गुरुजी हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा जुन्या चाव्यांचा जुडगा काढला आणि एकेक चावी त्या नव्या कुलपाला लावून पाहू लागले. चौथ्या चावीनं कुलूप मुकाट उघडलं. गुरुजींचं हसू गेलं.

“माझीच चूक होती म्हणून कळलं हे,” दादा म्हणाले, आणि मी मनात म्हटलं, आता ब्याऐंशी साल येणार.

आलंच. दादा तेव्हा बिलोलीला गोदामात होते. लातूर जिल्हा नवा झाला आणि ते बदली मागून इथं आले. कचेऱ्या भाड्याच्या घरांत बसलेल्या, कुठं टेबल होतं तर खुर्ची नव्हती. गोदामातल्या माणसाला कुलपातलं कळतं म्हणून साहेबांनी दादांना बाजारात पाठवलं. दादांनी एकाच खोक्यातली दोन डझन कुलपं आणली, सारखी, देखणी. तिसऱ्या दिवशी एक शिपाई चुकून दुसऱ्याच कचेरीची चावी घेऊन गेला आणि त्यानं आपली कचेरी बिनतक्रार उघडली. मग सगळ्या तपासल्या. दोन डझन कुलपांत मिळून चार प्रकारच्या चाव्या होत्या.

“नवा जिल्हा तीन दिवस माझ्या चार चाव्यांवर चालला,” दादा म्हणाले. “कुणाला खबर न्हाई. मी रातोरात बदलली कुलपं. तवापासून मी माझ्या बापाच्या कुलपाला पण दुसऱ्याची चावी लावून बघतो.”

गुरुजी बाजारात गेले आणि तासाभरानं बसकं कुलूप घेऊन आले. दादांनी जुडग्यातली प्रत्येक चावी लावली, एकही लागली नाही. शिसपेन्सिलीचं टोक तासून त्याची भुकटी चावीच्या भोकात फुंकली, कारण दुष्काळात कुलपाला तेल घातलं की धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा भोकावर झाकण म्हणून बांधून दिला. मग आप्पांची वही काढली. त्या वहीत एक रकाना दादांनी स्वतः आखून वाढवला होता.

“दुसरी चावी कुणाकडं?”

“माझ्याकडंच. दोन्ही एका कड्यात.”

“मग ती दुसरी कशी झाली? ती पहिलीच झाली. दुसरी चावी दुसऱ्या माणसाकडं आसावी, आणि हाकेच्या अंतरावर.”

गुरुजींनी विचार करून गल्लीतल्या मेव्हण्याचं नाव सांगितलं. दादांनी ते वहीत लिहिलं.

दादांची स्वतःची दुसरी चावी अठरा वर्षं सुमनमावशींकडे होती. मावशी आवारातच भिंतीपलीकडे राहतात, विद्यार्थ्यांची खानावळ चालवतात. आई गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दादांनी एकदाही चूल पेटवली नाही आणि मावशींनी एकदाही विचारलं नाही. त्या फक्त ताट पाठवत राहिल्या. पुढे दादा शिकले स्वयंपाक. मग ताटं दोन्ही बाजूंनी जाऊ लागली.

पण त्या रविवारी त्यांच्यात आठ दिवसांचा अबोला चालला होता. कारण पाणी.

उन्हाळ्यात लोक टाक्यांना, ड्रमना कुलपं लावायला लागले होते. मावशींनीही दादांना म्हटलं, भाऊ, माझ्या ड्रमला एक चांगलं कुलूप द्या. दादांनी दिलं ते इतकं हलकं होतं की केसाच्या पिनेनं उघडावं. आणि एका पहाटे ते उघडलं गेलं. अर्धा ड्रम पाणी गेलं. मावशी आवारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, “जिल्ह्याला कुलपं लावणारा माणूस, आन् शेजारणीच्या ड्रमाला खेळण्यातलं कुलूप.”

दादांनी मुद्दाम हलकं दिलं होतं. त्यांनी ते मला सांगितलं, मावशींना नाही. “आमच्या गावच्या आडाला कुलूप नव्हतं,” ते म्हणाले, “तरी आमच्यासाठी बंदच होता. पाण्याला पक्कं कुलूप माझ्या हातून लागत न्हाई बाई. ज्याला खरीच तहान आसंल त्याला फोडता यावं.” मग म्हणाले, “पर तिला सांगायला पायजे होतं. तिच्याकडं वीस पोरं जेवतात.”

दुपारी त्यांनी आपल्या दाराचं कुलूप बदललं. जुन्या कुलपात धूळ जाऊन चावी दोन-दोनदा फिरवावी लागत होती. दार गिरणीच्या ऑफिसातलं, सागवानी, आतून पत्रा मारलेलं. नवं कुलूप दारात बसवायचं, सात लिव्हरचं, आतून-बाहेरून चावीनं फिरणारं. मी स्क्रू धरून उभी होते. बसवून झाल्यावर त्यांनी मला आतून लावायची रीत दाखवली, जशी काही मी तिथं राहणार होते. चावी फिरवायची, काढायची, खिळ्याला अडकवायची. भोकात ठेवायची नाही, नाहीतर बाहेरून दुसरी चावी लागत नाही.

निघताना त्यांनी दुसरी चावी माझ्या हातात ठेवली. ट्यूबच्या पट्टीत ओवलेली.

“ही सुमनबाईला दे. कोपऱ्यावर टँकरच्या रांगेत उभी आसंल. तुझा रस्ता तिकडूनच हाय.”

“तुम्हीच द्या की.”

“माझ्याशी बोलून न्हाई राहिली ती. तुझ्या हातून घेईल.”

“काय म्हणू?”

“काय म्हणायचं त्यात. दादानं दिली म्हणावं.”

मी चावी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. रिक्षात बसले. कोपऱ्यावर टँकर आला होता आणि मावशी पाइपाचं तोंड धरून एका माणसाला सुनावत होत्या. रिक्षावाला म्हणाला, नांदेडची गाडी लागलेली आहे ताई, थांबू की जाऊ? मी म्हटलं, जा. मी हात वर केला. मावशींनी घागर वर केली. मला त्यांचा तो पदर खोचलेला अवतार पाहून हसू आलं, आणि चावीचा मला विसर पडला.

अहमदपूरच्या अलीकडे पाण्याच्या बाटलीसाठी पर्स उघडली तेव्हा बोटांना रबर लागलं. मी मनात म्हटलं, पुढच्या रविवारी.

आठ वाजता दादांचा नेहमीसारखा फोन आला.

“पोचलीस?”

“पोचले.”

“दिलीस का?”

मी खरं सांगू शकले असते. त्यांनी एवढंच केलं असतं, की त्या रात्री कुलूप न लावता नुसती कडी घातली असती. ती कडी तकलादू होती, एका धक्क्यानं निघाली असती. पण मी दिवसभराच्या प्रवासानं थकले होते, आणि त्यांच्या आवाजात मुलासारखी उत्सुकता होती, आणि मला त्यांना नाराज करायचं नव्हतं.

“हो, दिली,” मी म्हटलं.

“काय म्हणली?”

“हसल्या.”

“हसली का?” दादा म्हणाले. “बरं झालं. उद्या तिला शेंगाची चटणी नेऊन देतो.”

सकाळी साडेसहाला मावशींचा फोन आला. आतून काही पडल्याचा आवाज झाला होता, भाऊ कण्हत होते, दार आतून लावलेलं होतं. “माझी चावी लागंना. फिरतच न्हाई. कुलूप बदललंय का भाऊनं? दुसरी चावी कुठं ठिवली, ठाव हाय का बाई तुला?”

पर्स माझ्यासमोर दाराच्या खुंटीला लटकत होती.

“नाही,” मी म्हटलं. “मला माहीत नाही.”

मी असं का म्हटलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चावी नांदेडात आहे हे सांगून दार उघडणार नव्हतं, हे खरं. पण मी ते हिशेबानं बोलले नाही. आदल्या रात्री एकदा खोटं बोलले होते आणि जीभ त्याच वाटेनं गेली.

आप्पांनी वेल्डिंगवाल्या भीमाशंकरला उठवून आणलं. खिडकी उंच, गजांची. दादांनी निवडलेलं कुलूप दादांनी निवडावं तसंच होतं. गॅसनं कापायला पाऊण तास लागला. दादा खाटेजवळ भिंतीला टेकून बसले होते, शुद्धीत होते. रिक्षात मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून गेले दवाखान्यापर्यंत. मी चाकूरच्या पुढे पोचले होते तेव्हा आप्पांचा फोन आला, की आता घाई करू नको.

डॉक्टरांना मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, सांगता येत नाही.

संध्याकाळी मी त्या खोलीत गेले. कापलेल्या दाराच्या कडा काळ्या पडल्या होत्या. दादांची चावी खिळ्याला होती. चावीचं भोक त्यांनी मोकळं ठेवलं होतं.

दादांच्या जलदानविधीला आणि पुण्यानुमोदनाला लोक पुष्कळ आले. भन्तेंनी वंदना घेतली, सूत्रं म्हटली, मग आमच्याकडे असतात तशी दोन-दोन शब्दांची भाषणं झाली. गोदामातले जुने सोबती बोलले, श्रीमंत गुरुजी बोलले. शेवटी चन्नबसप्पा आप्पा उठले. त्यांना भाषणाची सवय नाही. ते म्हणाले, “लिंबाजीरावांसारखा इमानाचा माणूस मी बघितला न्हाई. चौदा खोल्यांचा जिम्मा घेतला, एका सुतळीची तक्रार न्हाई. फक्त एकच सांगतो, राग धरू नका. सगळ्या दुनियेला सांगायचे दुसरी चावी शेजारी ठेवा, आन् सोताची ठेवली न्हाई. कुणाला सांगितलं पण न्हाई. तेवढं एक चुकलं त्यांचं.”

माणसांनी माना हलवल्या. दयेनंच हलवल्या. मी पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत बसले होते. आप्पा वाईट बोलले नव्हते, पण त्या दिवसापासून ते वाक्य गल्लीत फिरू लागलं. पानाच्या टपरीवर मी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. भीमाशंकर ते गिऱ्हाइकांना सांगत होता. दादांना आयुष्यात एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली येत होती, आणि आता त्यांचं नाव निघालं की लोक तीच चुकल्याचं सांगत होते. सुमनमावशी मंडपात शेवटी, चपलांजवळ बसल्या होत्या. जेवल्या नाहीत.

मी नांदेडला परतले. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी आहे, दिवस जातो. रविवारी मात्र सकाळी जाग आली की हात पाण्याच्या कॅनकडे जायचा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आप्पांचा निरोप आला. खोल्यांसाठी नवा माणूस मिळाला होता, त्याला राहायला जागा हवी होती. सामानाचं काय करता? माझ्या घरी दादांची खाट ठेवायलाही जागा नव्हती. मी म्हटलं, नऊ नंबरची खोली मला भाड्यानं द्या, मोठं घर बघेपर्यंत.

कुलूप घ्यायला मी गंजगोलाईच्या बाजारात गेले. दुकानदारानं सगळ्यात मोठं काढून ठेवलं. मी बसकं, आखूड मानेचं मागितलं. दादांचा जुडगा सोबत नेला होता, काउंटरवर उभी राहून एकेक चावी लावत राहिले. मागच्या गिऱ्हाइकानं विचारलं, बाई, कुठल्या बँकेला लावायचंय? पाचवं कुलूप घेतलं. त्याला एकही परकी चावी लागली नाही.

सामान हलवायला सुमनमावशी न बोलावता आल्या. खाटेचं दुसरं टोक त्यांनी धरलं, पेटी त्यांनी ओढली, भांड्यांचं पोतं त्यांनी बांधलं. तीन तासांत त्या “सरक” आणि “धर” यापलीकडे बोलल्या नाहीत. आकाश भरून येत होतं आणि तसंच निघून जात होतं.

मी दार ओढलं, कुलूप लावलं, कडीशेजारी करंगळी घालून पाहिली. गेली नाही. आप्पा वही घेऊन खुर्चीवर बसले होते.

“नाव, विशाखा लिंबाजी सोनकांबळे. खोली नऊ,” ते पुटपुटत लिहू लागले. मग दादांच्या रकान्यापाशी थांबले आणि अवघडून माझ्याकडे न बघता म्हणाले, “दुसरी चावी?”

“लिहा की आप्पा, नांदेड,” मावशी म्हणाल्या. त्या पायरीवर बसून पदरानं मान पुसत होत्या. “दूर ठेवायची रीत हाय त्यांच्या घरची. शेजारी भरोशाचे नसतात.”

“सुमनबाई,” आप्पा म्हणाले.

“मी काय खोटं बोलले? अठरा वर्षं चावी होती माझ्याकडं. देवाच्या फोटोमागं ठिवली होती मी. सणाला हात लावून नमस्कार करायचे त्या फोटोला, तवा ती पण हाताला लागायची. त्या दिवशी पळत गेले ती चावी घेऊन. भाऊ आतून ‘सुमनबाई, सुमनबाई’ म्हणू लागले, आन् मी फिरवून राहिले, फिरवून राहिले.” त्यांनी हातानं फिरवून दाखवलं. “अर्ध्या ड्रम पाण्यावरून बोलले मी. तोंड हाय माझं, ठाव नव्हतं का त्यांना? तेवढ्यावरून भाऊनं कुलूप बदललं. मला परकी केली.”

“असं न्हाई, धुळीनं खराब झालं आसंल,” आप्पा म्हणाले.

“मग नवी चावी कुणाला दिली? सांगा. दिली का कुणाला?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मला आता इतकंच वाटतं आप्पा, आतून मला हाक मारत होते तवा त्यांना आठवलं आसंल, का हिच्याकडं चावी न्हाई. मीच दिली न्हाई. त्या घटकेला माणसाला कसं वाटलं आसंल.”

दादांना तसं वाटलं नव्हतं. मावशींकडे चावी आहे, त्यांनी हसून ती घेतली आहे, हेच त्यांना माहीत होतं. म्हणूनच ते दुसऱ्या कुणाला नाही, सुमनबाईंनाच हाक मारत होते, आणि भोक मोकळं होतं. मग मावशींची चावी फिरत नाही हे ऐकताना ते काय समजले असतील? हे मी त्या क्षणापर्यंत स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“जाऊ द्या,” आप्पा म्हणाले. “गेलेल्या माणसाची चूक आता काढून काय फायदा.”

त्यांनी पेन वहीवर टेकवलं आणि वाट पाहू लागले. मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

“मावशी, बसा,” मी म्हटलं. “आप्पा, तुम्ही पण ऐका. दादांची चूक नव्हती. कुलूप रविवारी दुपारी बदललं, आणि त्याच घटकेला दुसरी चावी त्यांनी माझ्या हातात ठेवली. सुमनबाईला दे, दादानं दिली म्हणावं, असं सांगितलं. तुम्ही टँकरवर उभ्या होतात, मी तुमच्यासमोरून गेले आणि द्यायची विसरले. रात्री त्यांनी फोनवर विचारलं, दिलीस का, तर मी हो म्हटलं. काय म्हणली विचारलं, तर हसल्या म्हटलं. ते खूश झाले. सकाळी तुम्ही विचारलंत, तेव्हा ती माझ्या पर्समध्ये होती मावशी, आणि मी माहीत नाही म्हटलं.”